नाशिकचा बाजार घाटाकडून वर चढत बघा

नाशिकला खरेदीसाठी निघालात आणि रिक्षावाल्याला ‘सिटी सेंटर’ म्हणालात, तर तो तुम्हाला उंटवाडीकडच्या मॉलच्या दारात नेऊन सोडेल. त्याचं बरोबरच आहे, मॉलचं नावच ते. पण गावाचा मध्य तिथे नाही. जुना, भरगच्च, गल्ल्यागल्ल्यांचा बाजार हवा असेल तर ‘मेन रोड’ म्हणा, ‘रविवार कारंजा’ म्हणा किंवा ‘शालीमार’. माझं मत विचाराल तर यातलंही काही म्हणू नका. पंचवटीत मालेगाव स्टँडला उतरा, रामकुंडापर्यंत चालत जा, नदी ओलांडा आणि मग बाजारात वर चढा. बाजार वाढलाय तो याच क्रमाने. उलट्या बाजूने शिरलात तर नुसती गर्दी दिसते. घाटाकडून शिरलात तर कुठलं दुकान कुठे का आहे, हे चालता चालता कळत जातं.

आम्ही गेलो होतो भाचीच्या लग्नाच्या खरेदीला. रुखवतासाठी पितळेची भांडी, चांदीचे करंडे आणि मानपानाच्या साड्या अशी यादी होती. मामीचं सगळं आयुष्य जुन्या नाशकात गेलेलं, त्यामुळे वाट दाखवायला तीच. पहिली अट तिनेच घातली: गाडी आणायची नाही. तिसऱ्या गल्लीतच त्याचं कारण पटलं. समोरून टेम्पो, मागून दुचाकी, मध्ये हातगाडी आणि या सगळ्यांच्या मधोमध शांत उभी असलेली गाय. चारचाकी आणलीच असेल तर शालीमारजवळच्या भालेकर मैदानाच्या बाजूला कुठेतरी लावून चालत या. रविवार कारंजापर्यंत गाडी न्यायचा हट्ट करू नका.

रेल्वेने येणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नाशिक रोड स्टेशन आणि गावाचा बाजार यांच्यात आठ-नऊ किलोमीटरचं अंतर आहे. स्टेशनच्या बाहेर शालीमारच्या शेअर रिक्षा मिळतात, सिटीलिंकच्या बसही आहेत. एसटीने येणाऱ्यांना जुनं सीबीएस किंवा ठक्कर बाजार सोयीचं, तिथून मेन रोड पायी गाठता येतो. या स्टेशनच्या अंतरावर नाशिककरांनी १८८९ साली एक तोड काढली होती: ट्राम. चार घोडे आणि दोन डबे. मेन रोडवर जुनी नगरपालिकेची इमारत आहे, तिथून सुटून ती थेट नाशिक रोडला जायची. चाळीसेक वर्षं चालून १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. आज शेअर रिक्षात चौथा माणूस म्हणून अर्धवट बाहेर लटकताना मला त्या घोड्यांचा जरा हेवाच वाटला.

सकाळी घाटावर पोचलो तो बुधवार होता, आणि बुधवारीच या. गोदाघाटावर गणेशवाडी, गौरी पटांगण या बाजूला आठवडे बाजार भरतो. आसपासच्या खेड्यांतून आलेली भाजी, सुकी मिरची, लसणाच्या माळा, विळे-खुरपी, कपडे, प्लास्टिकच्या बादल्या, सगळं जमिनीवर मांडलेलं. डोक्यावर मंदिरांची शिखरं आणि पायाशी मेथीच्या जुड्या. नारोशंकराच्या देवळासमोर कोथिंबिरीचा भाव करायला मिळतो, असं दुसरं गाव मला तरी माहीत नाही.

या देवळाकडे नुसतं बघून पुढे जाऊ नका. १७४७ साली सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी ते बांधलं आणि वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा तिथे टांगली. पुराचं पाणी घंटेला लागलं का, हा नाशकात पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न. दर पावसाळ्यातलं माप मात्र नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीचं. पाणी त्याच्या पायाशी आहे, कमरेला आहे की छातीला, यावर वरच्या बाजारातले दुकानदार तळमजल्यावरचा माल कधी वर चढवायचा ते ठरवतात. गंगापूर धरण १९६५मध्ये झालं, तरी १९६९ आणि २००८चे पूर गावाच्या बोलण्यात अजून आहेत. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्येही भांडी बाजार आणि सराफ बाजारात पाणी शिरलं. म्हणजे जुलै-ऑगस्टात येणार असाल तर हवामानाचा अंदाज आणि गंगापूरच्या विसर्गाची बातमी बघून या. पूर उतरल्यानंतरचे दोन-चार दिवसही टाळा. रस्त्यावर गाळ असतो आणि दुकानदार माल धूत बसलेले असतात.

बाजार नदीला इतका चिकटून का, याचं उत्तर इथेच मिळतं. तीर्थाला आलेला माणूस स्नान करणार, पिंडदान करणार, रामाचं दर्शन घेणार आणि घरी जाताना गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी न्यायला तांब्या घेणार. मग तांब्या विकणारा घाटाच्या जवळ, त्याच्या मागे ताम्हन-पळीवाला, त्याच्या मागे सोन्या-चांदीचा सराफ, मग कापडवाला. यात्रेकरूच्या हाताला पाणी लागल्यापासून त्याचा खिसा रिकामा होईपर्यंतची ही सरळ चढण आहे. मामीच्या भाषेत, “देवाने बोलावलं आणि दुकानदाराने थांबवलं.”

पंचवटीच्या बाजूला काळारामाचं दर्शन सकाळीच घेऊन टाका. ओढेकर सरदारांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे काळ्या दगडाचं देऊळ बांधलं. याच देवळाच्या दारात २ मार्च १९३०ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं तो चालला. दादासाहेब गायकवाड त्यातले प्रमुख. बाजारापुरतंच नाशिक बघायला आलेल्यांनीही इथे थोडं थांबावं. घाट सगळ्यांचा आहे असं आपण सहज म्हणतो, पण तो तसा व्हायला काय लागलं ते या दारात उभं राहिलं की समजतं.

आता नदी ओलांडा. उन्हाळ्या-हिवाळ्यात पाणी कमी असेल तर घाटावरून पलीकडे जायला छोटे पूल आहेत. पाणी वाढलं असेल तर सरळ अहिल्याबाई होळकर पूल धरा. म्हातारी माणसं याला अजून व्हिक्टोरिया पूल म्हणतात. पुलाच्या गावाकडच्या टोकाला सुंदरनारायणाचं देऊळ आहे, १७५६चं, दगडी नक्षीचं. तिथून रविवार कारंजा अगदी जवळ, पण तिकडे आत्ताच वळू नका. डावीकडे नदीच्या अंगाने खाली या आणि भांडी बाजारात शिरा.

भांडी बाजारात आमचा निम्मा दिवस गेला, आणि तो जाऊ द्यावा असाच आहे. नाशिकच्या तांब्या-पितळेच्या कामाचं कौतुक इंग्रजांच्या १८८३च्या गॅझेटियरमध्येही आहे, म्हणजे तेव्हाही ही वस्तू गावाबाहेर नाव कमावून होती. तांबट आणि कासार मंडळींची घरं जवळच्याच आळीत. जुनी तांबट लेन आजही त्याच नावाने ओळखली जाते. एके काळी तिथून ठोकण्याचा आवाज सकाळपासून यायचा म्हणे. आता बराचसा माल बाहेरून तयार येतो आणि हाताने ठोकलेलं भांडं मागावं लागतं. मागा. बहुतेक दुकानदार आधी चकचकीत यंत्राचा माल पुढे करतात, पण ‘ठोक्याचं दाखवा’ म्हटलं की माळ्यावरून उतरवतात. हाताने ठोकलेल्या भांड्याच्या पोटावर हातोडीचे ठसे ओळीने उमटलेले असतात आणि ते ठसे अगदी सारखे नसतात. सगळे ठसे एकसारखे दिसले तर ते साच्याचं काम.

खरेदीची पद्धत समजून घ्या, म्हणजे घासाघीस सोपी जाते. पितळ आणि तांबं वजनावर विकलं जातं. किलोचा भाव वेगळा, मजुरी वेगळी. दोन्ही वेगवेगळे विचारा, आणि घासाघीस करायची ती मजुरीत करा. धातूचा भाव रोजचा असतो, त्यात दुकानदाराच्या हातात फारसं काही नसतं. घरातली जुनी फुटकी भांडी आणली तर ती मोडीत घेतात आणि नव्या खरेदीतून वळती करतात. मामीने दोन पिढ्यांपूर्वीचं एक चेपलेलं घंगाळ आणलं होतं. त्याच्या मोडीत रुखवताची समई जवळजवळ निघाली. मोड देताना वजन आपल्यासमोर करून घ्या आणि लोखंडी कडी किंवा बूड असेल तर ते काढून मगच वजन करायला सांगा, नाहीतर नंतर वाद होतो. समई घेताना तिचे भाग आटे फिरवून वेगळे करा आणि पुन्हा जोडा. आटे ढिले असतील तर तेल गळणार. हंडा-कळशी घेताना आत पाणी भरून दाखवायला सांगितलं तर कुणी रागवत नाही. रोजच्या स्वयंपाकासाठी पितळेचं पातेलं घेत असाल तर कल्हई करूनच घ्या. कल्हईवाला कुठे बसतो हे दुकानदारच सांगेल.

रुखवतासाठी मांडणीची छोटी भांडी हवी असतील तर ती वेगळी मिळतात: बोटभर उंचीचे हंडे, कळशा, चूल, जातं, पाटा-वरवंटा. ती स्वस्त पडतात आणि भाची तर पितळी बंबाच्या छोट्या प्रतिकृतीवर अडूनच बसली. खरा बंब आमच्या लहानपणी घरात होता, त्यात पाणी तापवताना होणाऱ्या धुराने डोळे चुरचुरायचे. तो गेला याचं मला तरी दुःख नाही.

भांडी बाजारातून वर चढलं की सराफ बाजार. मध्येच सरकारवाडा लागतो, पेशव्यांच्या काळातला, लाकडी कोरीवकामाचा. नाशिक मोगलांकडे होतं तेव्हा त्याला गुलशनाबाद म्हणत. अठराव्या शतकाच्या मध्यावर ते मराठ्यांकडे आलं, जुनं नाव परत आलं आणि देवळं, वाडे, घाट यांची बांधकामं एकामागून एक झाली. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंनी रामकुंडाचा विस्तार केला तोही याच काळात. पेठेत पैसा आला तो त्या वेळी. सरकारवाड्यात पुढे इंग्रजी कचेऱ्या आल्या, सार्वजनिक वाचनालयही बराच काळ इथेच होतं. हे वाचनालय १८४०चं आहे. एवढ्या जुन्या वाचनालयाला आपल्याकडे फारशी भावंडं नाहीत. आता ते शालीमारकडे स्वतःच्या इमारतीत आहे, खरेदीतून दमलात तर तिथे जाऊन वर्तमानपत्र वाचत बसायला हरकत नाही.

सराफ बाजारात चांदीचं काम बघावं. नाशिकच्या चांदीला महाराष्ट्रभर नाव आहे. देवाच्या मूर्ती, निरांजनं, अत्तरदाणी, करंडे, पैंजण अशी घाटाशी नातं सांगणारी वस्तू इथे सोन्यापेक्षा जास्त दिसते. इथेही तोच नियम: भाव आणि घडणावळ वेगवेगळी विचारायची. शिवाय परत द्यायला आणलं तर किती टक्के कापणार, ते बिलावर लिहून घ्यायचं. हॉलमार्क आणि पक्कं बिल याशिवाय घेऊ नका, दुकान कितीही जुनं असलं तरी. आम्हाला एका दुकानात बिलाशिवाय ‘थोडं कमी’ करून द्यायची तयारी दाखवली गेली. मामी काही न बोलता उठली आणि पुढच्या दुकानात जाऊन बसली. हेही शिकण्यासारखं आहे: सराफ बाजारात दुकानं एकमेकांना इतकी लागून आहेत की उठून जाणं हीच सगळ्यात मोठी घासाघीस.

या बाजाराच्या पोटातून सरस्वती नाला वाहतो, हे वरून कळत नाही. दहीपूल नावाचा पूल आहे, पण तो पूल आहे हेही कुणी सांगितल्याशिवाय समजत नाही, कारण खाली पाणी दिसतच नाही. नाला झाकला गेला आणि वर रस्ता, दुकानं आली. जोराचा पाऊस झाला की तो आपली जागा परत मागतो. त्यामुळे या भागात पाणी दोन बाजूंनी येतं. नदी फुगली तर खालून आणि नदी शांत असली तरी गावात ढगफुटीसारखा पाऊस झाला तर वरून. बरीच दुकानं रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या उंच का आहेत, याचा उलगडा इथे होतो.

बाजाराचं वय किती, असा प्रश्न पडत असेल तर एक सकाळ पांडवलेण्यांसाठी राखून ठेवा. ही बौद्ध लेणी मुंबई-आग्रा महामार्गालगत आहेत, गावापासून सात-आठ किलोमीटर. चढायला अर्धा तास पुरे. दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपान या शक राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघांकडे, ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशेब करून बघा, २००० वर शेकडा एक दराने वर्षाचे २४० आणि वीस गुणिले बारा म्हणजेही २४०. पै न्‌ पै जुळते. ही घोषणा निगमसभेत, म्हणजे नगरातल्या व्यापाऱ्यांच्या सभेत, वाचून दाखवली आणि तिची नोंद केली, असंही त्यात आहे. गोवर्धन हे गाव आजही नाशिकच्या पश्चिमेला गंगापूरच्या वाटेवर आहे. विणकरांच्या संघावर राजघराण्यातला माणूस पैशाने एवढा विश्वास टाकतो, तेव्हा त्या पंचक्रोशीतला बाजार पक्का बसलेला असणारच. काझीच्या गढीवर, म्हणजे जुन्या नाशकातल्या मातीच्या टेकाडावर, सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी १९५०-५१मध्ये उत्खनन केलं, त्यात तर याहूनही जुन्या वस्तीचे थर निघाले. गढी बघायला मात्र जाऊ नका. ती ढासळते आहे आणि तिच्या कडेला लोक जीव मुठीत धरून राहतात.

पोटाचं बघायला हवं. सकाळी तिवंधा चौकात बुधा हलवाईची गरम जिलबी, उभ्यानेच. साबुदाणा वडा खायचा तर सायंतारा. चिवड्याबद्दल नाशिककरांत तट आहेत: कोंडाजी, मकाजी, माधवजी. त्यात मी पडणार नाही. घरी न्यायचा असेल तर तिघांकडचा थोडा थोडा घ्या आणि घरच्यांना भांडू द्या. नाशिकचा चिवडा तिखट असतो, वर कच्चा कांदा घालूनच खायचा. पाकीट फोडल्यावर लवकर संपवा, सादळला तर मजा जाते. तिवंधा चौकात जिलबी खाताना तुम्ही रहाडीजवळ उभे असता. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद, पेशवेकाळापासूनचा. वर्षभर तो बुजवून वरून रहदारी चालू असते आणि रंगपंचमीला उघडून रंगाने भरतात. अशा रहाडी जुन्या तांबट लेनमध्ये, दिल्ली दरवाजाला, पंचवटीत शनि चौकातही आहेत. रंगपंचमीला खरेदी होणार नाही हे पक्कं समजा. पण रंग खेळायला यायचं तर नाशिकइतकी दुसरी जागा नाही. जुने कपडे घालून या, धप्पा, म्हणजे रहाडीत उडी, मारणाऱ्यांना ओळख लागत नाही.

सराफ बाजारातून कापडपेठ आणि मग मेन रोड. इथे बाजाराचा स्वभाव बदलतो. खालचा बाजार यात्रेकरूचा, मेन रोड गावकऱ्याचा. साड्या, चपला, शाळेचे गणवेश, लग्नाच्या पत्रिका, स्टीलची भांडी, खोटे दागिने. नगरपालिका १८६४ सालची. तिची जुनी इमारत मेन रोडवरच, आता तिथे महापालिकेचं विभागीय कार्यालय आहे. कचेरी, ट्रामचं ठाणं आणि मोठी दुकानं एकाच रस्त्यावर आली की तो रस्ता गावाचा मुख्य होणारच. जवळच्या तिळभांडेश्वर गल्लीत अभिनव भारत मंदिर आहे, सावरकरांच्या संघटनेची जागा. याच जुन्या वस्तीतल्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९च्या रात्री अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. बाजारातून फिरताना हे सगळं हाकेच्या अंतरावर असतं, पण साड्यांच्या फलकांमधून वर मान करून बघितलं तरच.

साड्यांबद्दल माझं मत सांगते, पटलं तर घ्या. मानपानाच्या साड्यांना मेन रोड आणि कापडपेठ उत्तम, कारण एकाच दुकानात वीस-पंचवीस साड्या घेतल्या की भाव उतरतो. पैठणी घ्यायची असेल तर तिच्यासाठी येवला गाठा, नाशिकहून दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. मागावर विणताना बघून घेतलेल्या पैठणीबद्दल मनात शंका राहत नाही.

मेन रोडवरून वर आलं की रविवार कारंजा. गणेशोत्सवात आलात तर इथला चांदीचा गणपती बघायला रांग लावा. कारंजाजवळची यशवंत मंडई ही महापालिकेची मंडई. ती मोडकळीला आली आणि तिच्या जागी बहुमजली वाहनतळ बांधायचं ठरलं. नदीपलीकडे गणेशवाडीत महापालिकेने भाजीवाल्यांसाठी मोठी मंडई बांधली, तर भाजीवाले तिच्यात जायला तयार होईनात. वर्षानुवर्षं गाळे रिकामे आणि भाजी रस्त्यावर. या दोन इमारतींमुळे माझं एक मत पक्कं झालं. नाशिकचा बाजार चालत्या माणसाच्या वाटेवर बसतो. देवळाकडून घराकडे जाणारी बाई जिथे सहज थांबेल तिथे जुडी विकली जाते. तिला चार पायऱ्या चढून, वळसा घालून आत यायला सांगितलं की ती येत नाही आणि मग भाजीवालाही तिथे बसत नाही. इमारत कितीही चांगली बांधा. भाजीवाल्या मावशींना मी विचारलं तर त्या म्हणाल्या, “आत बसलं की गिऱ्हाईक दिसत नाही, गिऱ्हाइकाला आम्ही दिसत नाही.” रस्ता अडतो हे खरं, त्याचा त्रास आम्हीच सकाळी भोगला होता. पण उपाय शोधणाऱ्यांनी आधी बायका कुठल्या वाटेने चालतात ते मोजायला हवं.

याच्यापुढचा बाजार मी भराभर उरकते, कारण आम्हीही भराभरच पार केला. महात्मा गांधी रस्ता, म्हणजे सगळ्यांचा एमजी रोड: मोबाइल, चार्जर, संगणक, प्रधान पार्कची गर्दी. शेजारी गोळे कॉलनीत औषधांचा घाऊक बाजार. वकीलवाडी आहे, मेहेरचा चौक आहे. १९८२मध्ये नाशिक, नाशिक रोड, देवळाली आणि भोवतालची गावं मिळून महानगरपालिका झाली. सातपूर, अंबडचे कारखाने आणि सिडकोची वसाहत वाढली तसा गिऱ्हाइकाचा पत्ता बदलला. त्याच्यामागे दुकानं कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे सरकली आणि शेवटी उंटवाडीच्या मॉलपर्यंत पोचली. मॉलमध्ये वातानुकूलन, स्वच्छतागृह आणि गाडी लावायला जागा आहे. जुन्या बाजारात या तिन्ही गोष्टींची वानवा आहे, विशेषतः बायकांची फार अडचण होते. त्यामुळे मध्येच एखाद्या बऱ्या हॉटेलात चहाच्या निमित्ताने थांबा, ती सोय करून घ्या आणि मगच पुढच्या गल्लीत शिरा.

तळमजल्यावर दुकान आणि वर पडका वाडा असं चित्र जुन्या बाजारात जागोजागी दिसेल. पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू, नाममात्र भाडं, वाटण्यांचे वाद. मालकाला डागडुजी परवडत नाही आणि दुकानदार जागा सोडत नाही. म्हणून हा बाजार टिकलाही आणि खिळखिळाही झाला. पावसाळ्यात अशा वाड्यांच्या भिंती पडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. फोटो काढायला म्हणून तुळयांच्या टेकूवर उभ्या असलेल्या सज्जाखाली थांबू नका.

दिवस निवडताना पंचांग बघा. श्रावणी सोमवार, रामनवमीनंतरच्या एकादशीची रथयात्रा आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा या वेळी मेन रोडवर पाय ठेवायला जागा नसते आणि बरेच रस्ते वाहनांना बंद असतात. दिवाळीची गर्दी आवडत असेल तर गोष्ट वेगळी. २०२६ ते २०२८ हा सिंहस्थाचा काळ आहे. घाट, पूल आणि रस्त्यांची कामं कुठे ना कुठे निघालेली असणार, तेव्हा आदल्या दिवशी स्थानिक कुणाला तरी विचारून वाट ठरवा. दुकानं साधारण साडेदहा-अकराला उघडतात. म्हणून घाट, देऊळ, जिलबी हे आधी आणि भांडी नंतर असा क्रम आपोआप जमतो. उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार गल्ल्या तापतात, तो वेळ वाचनालयात किंवा जेवणात घालवा.

आणि ओझ्याचं. पितळ घेताना हलकं वाटतं, तीन गल्ल्या चाललं की खांदे बोलायला लागतात. आम्ही भांडी बिल करून दुकानातच ठेवली, बाकीची खरेदी उरकली आणि संध्याकाळी शालीमारहून केलेली रिक्षा भांडी बाजाराच्या तोंडाशी उभी करून सगळं एकदम चढवलं. दुकानदार याला सहज तयार होतात, फक्त ते कधी बंद करतात ते आधी विचारून ठेवा. बाहेरगावी न्यायचं असेल तर गवत आणि गोणपाट घालून पेटी करून मागा, त्याचे थोडे पैसे पडतात. समया उभ्या ठेवू नका. त्यांचे भाग सोडवून, प्रत्येक भाग वेगळा गुंडाळून आडवे ठेवायचे. आणि पेटी एसटीच्या टपावर द्यायची नाही, पायाशी घेऊन बसायचं.